इंग्रजीतला साधा भूतकाळ: मराठीतून येणाऱ्या या चुका टाळा

'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे.' माझ्या संध्याकाळच्या वर्गात नवी तुकडी आली की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडतं. बोलणाऱ्याचा अभ्यास कच्चा असतो असं अजिबात नाही. उलट त्याने शाळेत काळांचा तक्ता घोकून पाठ केलेला असतो. त्यात 'मी गेलो'समोर 'आय वेंट' असतं आणि 'मी गेलो होतो'समोर 'आय हॅड गॉन'. मग मनात मराठी वाक्य येतं, 'काल मी पुण्याला गेलो होतो', आणि तोंडातून तक्ता बाहेर पडतो.

खरी गोम आपल्या 'होतो'मध्ये आहे. 'काल पुण्याला गेलो' एवढंच म्हणून थांबलात तर समोरचा 'बरं, मग?' म्हणत पुढचं ऐकायला थांबतो. गेलो, काम झालं, परत आलो, विषय संपला, हे सगळं आपण त्या एका 'होतो'त सांगून टाकतो. इंग्रजीला त्याची गरजच पडत नाही. 'आय वेंट टू पुणे येस्टरडे' म्हटलं की ते जाणं कालच्या दिवसात संपलं. 'हॅड' लागतं ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कुठली घडली हे दाखवायला. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' आपण पोचलो, पण गाडी त्याआधीच सुटली होती. म्हणून तोंडात 'हॅड' आलं की स्वतःला विचारा: कशाच्या आधी? उत्तर सापडलं नाही तर 'हॅड' काढा आणि साधा भूतकाळ वापरा. माझ्या अनुभवात ही एक सवय लागली की निम्मं बोलणं सुधारतं, म्हणून मी इतका वेळ यावर खर्च करतो.

दुसरी चूक सगळ्यांना माहीत असते, तरी होते: 'आय डिड नॉट वेंट.' शिक्षक ओरडतात, पण ती का होते ते कुणी सांगत नाही. मराठीत नकार देताना क्रियापद भूतकाळातच राहतं. 'गेलो'चं 'गेलो नाही' होतं. 'गेलो' जागचा हलत नाही. तीच शिस्त आपण इंग्रजीत नेतो. इंग्रजीत मात्र भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच करायची असते आणि ती 'डिड'ने उचललेली असते, त्यामुळे पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं: 'आय डिड नॉट गो', 'डिड यू सी हिम?', 'व्हेन डिड यू कम?'. मी वहीत प्रत्येक 'डिड'भोवती गोल करायला लावतो आणि त्याच्यानंतरच्या क्रियापदावर बोट ठेवायला सांगतो. बोटाखाली 'वेंट', 'सॉ', 'केम' दिसलं की मुलं स्वतःच खोडतात.

इथे दोन अपवाद लक्षात ठेवा. 'कोण आलं?' असं विचारताना 'कोण' हाच कर्ता असतो, तिथे 'डिड' येत नाही: 'हू केम?'. आणि 'वॉज', 'वेअर' यांनाही 'डिड'चा टेकू लागत नाही. 'आय वॉज नॉट ॲट होम', 'वेअर यू ॲट होम?' एवढंच. उरलेल्या क्रियापदांत 'वॉज' उगाच घुसवू नका. 'आय वॉज वेंट' हेही त्या 'होतो'चंच भूत आहे. 'मला माहीत होतं' म्हणजे 'आय न्यू', 'आय वॉज नोइंग' नव्हे.

आता जरा गमतीदार भाग. मराठीत आपण भूतकाळ वापरतो, पण घटना घडलेलीच नसते, अशा जागा बऱ्याच आहेत. आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि आपण जागेवरून न उठता 'आलो!' म्हणतो. फोनवर 'निघालो, पाच मिनिटांत पोचलोच' म्हणतो, तेव्हा चप्पलसुद्धा पायात नसते. इंग्रजीत तिथे 'आय केम' म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो. तिथे 'आय ॲम कमिंग' हवं. 'उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही' यात 'आला' आहे, पण इंग्रजीत 'इफ इट रेन्स टुमॉरो' असा वर्तमानकाळ येतो. 'इफ इट रेन्ड' म्हटलं की पाऊस येण्याची शक्यता फारशी नाही असा अर्थ निघू लागतो. उलट 'लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जायचो' याला मुलं 'वी वेअर गोइंग' करतात. तिथे साधं 'वी वेंट टू द रिव्हर एव्हरी डे' चालतं, किंवा 'वी यूज्ड टू गो'.

मुलाखतीत हमखास अडकवणारं वाक्य: 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2021.' मराठीत 'मी 2021 मध्ये डिप्लोमा केला आहे' अगदी बरोबर आहे, म्हणून ते खटकत नाही. पण इंग्रजीत काल, गेल्या आठवड्यात, 2021 मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की 'हॅव'ला जागा नाही: 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2021.' वर्ष सांगायचं नसेल तर 'आय हॅव कम्प्लीटेड' खुशाल म्हणा. त्याच ओघात 'दोन वर्षांपूर्वी'चं 'बिफोर टू इयर्स' करू नका, 'टू इयर्स अगो' म्हणा.

एका बाबतीत इंग्रजीचे आभार मानायला हवेत. आपल्याकडे गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेल्या अशी रांग लागते. तिथे सगळ्यांना एकच 'वेंट'. मुळात हे 'वेंट'ही 'गो'चं नाही. ते 'वेंड' नावाच्या जुन्या क्रियापदाचा भूतकाळ होतं, 'गो'ने ते आपलंसं केलं. अशी अनियमित रूपं अकारविल्हे पाठ करू नका, गोतावळ्याने करा. सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक एका घरातली. ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट दुसऱ्या घरातली. 'ब्रॉट' आणि 'बॉट' यांत घोटाळा होत असेल तर 'र' शोधा. 'ब्रिंग'मध्ये 'र' आहे, म्हणून 'ब्रॉट'मध्येही तो राहतो. कट, पुट, हर्ट बदलतच नाहीत. 'रीड' लिहायला तेच राहतं, पण भूतकाळात वाचायचं 'रेड'.

स्पेलिंगचं थोडक्यात. 'स्टॉप'मध्ये पी दोनदा येतो, 'व्हिजिट'मध्ये शेवटचा टी एकदाच, कारण 'व्हिजिट' म्हणताना जोर पहिल्या भागावर असतो. 'स्टडी'तल्या वायचा आय होतो, 'प्ले'मधला वाय तसाच राहतो, कारण त्याच्या आधी स्वर आहे.

उच्चाराकडे मात्र कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. लिहिताना ई-डी लावलं म्हणून प्रत्येक वेळी 'एड' म्हणायचं नसतं. 'वर्केड', 'स्टॉपेड', 'वॉशेड' असं बोललेलं ऐकणाऱ्याला चटकन कळत नाही. क, प, स, श, च, फ अशा आवाजावर शब्द संपला की शेवटी फक्त 'ट': वर्क्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. 'प्ले', 'कॉल', 'ओपन' यांना 'ड': प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तरच वेगळा 'इड' ऐकू येतो: वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड. गळ्यावर दोन बोटं ठेवून आधी 'स्स्स' म्हणा, मग 'झ्झ्झ'. पहिल्या वेळी गळा शांत असतो, दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवते. क्रियापदाच्या शेवटच्या आवाजाला गळा शांत असेल तर 'ट', थरथरला तर 'ड'.

आज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात काय काय केलंत ते फोनवर दोन मिनिटं इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा. मग ऐकताना कागदावर फक्त 'हॅड', 'हॅव' आणि 'डिड' जितक्या वेळा आले तितक्या रेघा मारा, आणि प्रत्येक रेघेपाशी थांबून वाक्य पुन्हा बोला.