नाराज माणूस पेपरात जाण्याआधी

पक्षाविरुद्ध बातमी छापून आली की पहिला फोन वार्ताहराला करू नका. बातमीत ज्याचं नाव आहे त्याला करा आणि एवढंच विचारा, यातलं खरं किती? तालुका कार्यालयाचा चिटणीस म्हणून मी हे काम बरीच वर्षं केलंय. आपल्या माणसाकडून आधी खरं काढून घेतलं नाही, तर संध्याकाळी खुलासा जातो आणि सकाळी दुसऱ्या पेपरात त्याच्या विरुद्धचा कागद छापून येतो.

बातमी खोटी असेल तर त्याच दिवशी, चार ओळींत, कागदाची झेरॉक्स जोडून खुलासा द्या. 'विरोधकांचं षड्‌यंत्र' हे शब्द घालू नका, ते वाचून आता कुणी मानही वर करत नाही. खरी असेल तर काय केलं ते सांगा आणि गप्प बसा. बोलायला एकच माणूस ठेवा. बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही टाइप करायचं नाही, कारण तिथला स्क्रीनशॉट जेवणाआधी गावभर फिरतो. आणि वाढदिवसाच्या जाहिराती बंद करण्याची धमकी वार्ताहराला देऊ नका. तीच उद्याची बातमी होते.

खरं काम नाराजांचं. बाहेरच्या बातम्या बहुतेक आतूनच जातात.

आपल्याकडे, जळगाव जिल्ह्यात, नाराजी आधी भरीत पार्टीत दिसते. थंडीत कुठल्या मळ्यात वांगी भाजली, कोण आलं आणि कुणाला बोलावलंच नाही, एवढं कळलं तरी अर्धा अंदाज येतो. अशा पार्टीत अध्यक्षानं बिनबोलावता जाऊ नये, हेर तर मुळीच पाठवू नये. दोन दिवसांनी त्या माणसाच्या घरी जावं. एकट्यानं, फोटोवाला न घेता. रावेर-यावलकडे जायचं असेल तर संध्याकाळी जा, सकाळी केळीच्या कापणीत माणूस बोलत नाही. पहिला अर्धा तास त्याला बोलू द्या, मधे वरिष्ठांची नावं टाकू नका. शेवटी बहुतेक जण एकच सांगतात : "तिकीट नाही भेटलं भो, त्याचं काही नाही. पण सांगायचं तर होतं!"

म्हणून तिकीट कापायचं असेल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याच्या हातात पडण्याआधी ज्याचं कापलं त्याला समोर बसवून सांगा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ संपते आणि आपले लोक सकाळपर्यंत फोन बंद ठेवून बसतात. याला मी भित्रेपणा म्हणतो. दुसरं, निवडणूक न लढता मिळणाऱ्या स्वीकृत नगरसेवकपदाचं गाजर एकाहून जास्त जणांना दाखवू नका. ते लोक लग्नाच्या पंगतीत शेजारीशेजारी बसतात.

आकड्यावर विसंबू नका. जळगाव महापालिकेत २०१८ साली भाजपनं ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या होत्या, शिवसेनेकडे १५ होत्या. मार्च २०२१ मध्ये भाजपचे २७ नगरसेवक पलीकडे गेले, एमआयएमच्या तिघांचीही साथ मिळाली आणि महापौरपद ४५ विरुद्ध ३० मतांनी शिवसेनेला गेलं. एका दिवसात २७ माणसं फुटत नाहीत. महिनोन्‌महिने कुणाची कामं अडली, कुणाचा फोन उचलला गेला नाही, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा होता. फुटणाऱ्या नगरसेवकांना अपात्र ठरवणारा १९८६ चा राज्याचा कायदा आहे, व्हीपही, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षादेशही, काढता येतो, पण अपात्रतेचा निकाल लागेस्तोवर खुर्ची गेलेली असते.

कारवाई करायचीच वेळ आली तर नोटीस लेखी द्या, उत्तराला मुदत द्या आणि निर्णय बैठकीत घ्या. फोनवर हकालपट्टी करून आधी पेपरला कळवणारे जिल्हाध्यक्ष मी पाहिलेत. काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी हार घालून समोरच्या मंचावर असतो.

बंडखोरानं माघारीच्या दिवशी अर्ज काढला नाही, तरी सभेत त्याच्या घरच्यांवर घसरू नका. निकालानंतर उपनगराध्यक्ष निवडताना एकदोन मतं कमी पडली, तर त्याच दारात जावं लागतं, आणि तेव्हा चहा त्याची आईच आणून देते.