ब्रेक कॅलिपरवरच्या क्लिअरचे पोपडे सुटले तर

रंगवलेल्या कॅलिपरवरचा, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागावरचा पारदर्शक थर, ज्याला रंगारी नुसते ‘क्लिअर’ म्हणतात, सुटू लागला की आधी एखाद्या कडेला दुधाळ डाग दिसतो, मग त्याखाली ब्रेकची तपकिरी धूळ शिरते आणि गाडी धुताना नखाएवढे पोपडे हाताला लागतात. अशा वेळी वरून क्लिअरचा आणखी एक हात मारण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण नवा थर सुटलेल्या थरावरच बसतो आणि त्याच्यासकट निघून येतो.

कारण बहुधा उष्णतेत सापडते. बॉडीसाठी असलेले साधे क्लिअर आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरवर टिकत नाही. ग्रीस नीट न काढता मारलेला रंग, ॲसिडयुक्त व्हील क्लीनर आणि ब्रेक ऑइलचा ओघळ हीही नेहमीची कारणे आहेत. डॉट ३ आणि डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल रंग अक्षरशः विरघळवते. म्हणून पोपडे ब्लीडर निपलच्या (ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीच्या) किंवा होजच्या (ऑइलच्या नळीच्या) भोवतीच असतील, तर आधी गळती शोधावी. ती थांबेपर्यंत रंगाला हात लावू नये.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर सपाट जागी उभी करून ती घरंगळू नये म्हणून चाकांना ओट लावावी, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, गाडी उचलल्यावर ती नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी आणि मग चाक काढावे. या दुरुस्तीसाठी कॅलिपर सोडवण्याची गरज नसते. धूळ हवेच्या झोताने उडवू नये. साबणाच्या पाण्याने ओली करून ब्रशने काढावी, वाळू द्यावी आणि मग ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन पुसावे.

आता खरे काम. प्लास्टिकच्या पट्टीने सुटे क्लिअर खरवडून काढावे, उरलेल्या कडेवर मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्याने ओढावी आणि टेपला काही चिकटून येत असेल तोवर हेच करत राहावे. त्यानंतर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने कड इतकी उतरवावी की डोळे मिटून बोट फिरवले तरी पायरी लागू नये, आणि शेवटी ६०० नंबरने सगळा भाग मॅट करावा. या कडेला अर्धा तास गेला तरी हरकत नाही. माझ्या मते दुरुस्ती टिकते ती इथेच. अर्ध्याहून जास्त क्लिअर गेले असेल तर ठिगळे न लावता ते सगळेच काढावे. घासताना धातू उघडा पडला तर तिथे उष्णतारोधक प्रायमर आणि कॅलिपरचाच रंग लागेल.

डिस्क, पॅड, ब्लीडर निपल, होज, स्लाइड पिनची रबरी बुटे आणि पिस्टनचे रबर टेपने व कागदाने झाकावे. थिनर या रबरांचा शत्रू आहे. क्लिअर कॅलिपरसाठीचेच घ्यावे आणि एक जाड हात न मारता तीन पातळ हात मारावेत. पहिला तर नुसता शिंतोडल्यासारखा असावा. दोन हातांमधले अंतर डब्यावर लिहिलेले असते आणि ते पाळावेच, कारण चुकीच्या वेळी मारलेला थर खालचा रंग सुरकुतवतो. हार्डनर मिसळायचे टू-के क्लिअर अधिक टणक असते, पण त्यातील आयसोसायनेट या घातक रसायनापुढे साधा कापडी मास्क निरुपयोगी ठरतो. योग्य रेस्पिरेटर नसेल तर ते काम रंगाऱ्याकडे सोपवावे. भर पावसाळ्यात हे काम काढू नये, दमट हवेत थर दुधाळ पडू शकतो.

टेप थर पूर्ण कडक होण्याआधी, कडेकडून हळूच मागे दुमडत काढावी. डिस्कवर चुकून तुषार गेले असतील तर ते ब्रेक क्लीनरने पुसावेत. पॅडवर गेले असतील तर मात्र पॅड बदललेलेच बरे. चाक बसवून नट आडवे-तिडवे आवळावेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या जोराने, शेवटचा ताण द्यावा आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत दाबून पाहावे.