सोयाबीननंतर नांगर नको, थेट हरभरा टोका

सोयाबीन निघालं की रोटावेटर फिरवायचा ही सवयच झालीय आपल्याला, आणि खरं सांगायचं तर नांगरलेल्या रानात पीक सुरुवातीला हिरवंगार दिसतंच. कारण माती फोडली की आत दडलेला सेंद्रिय कचरा उघडा पडतो, हवा लागते, जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यातला नत्र (नायट्रोजन) मोकळा होतो. म्हणजे ही आपल्याच जमिनीतली शिल्लक आपण उधळतोय. उन्हाळी नांगरटीवर पहिला मोठा पाऊस झाला की नत्र एकदम सुटतो, तेव्हा पीक जेमतेम दोन पानांवर, ते खाणार किती? उरलेला नायट्रेट पाण्यासोबत खाली जातो, आणि काळ्या रानात पाणी तुंबलं तर जिवाणूच त्याचा वायू करून उडवून लावतात. बुरशीचे धागे मातीचे कण धरून ठेवतात, तेही पात्यांनी तुटतात.

म्हणून सोयाबीन विळ्याने जमिनीलगत कापा, उपटू नका, मुळं आतच कुजू दे. हार्वेस्टर असेल तर कुटार (मळणीनंतरचा भुसा-काडी) पट्ट्यात पडतं, ते पसरवून घ्या नाहीतर तिथे हरभरा नीट निघत नाही. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी), मग पेरणीच्या तोंडावर रायझोबियम (मुळांवरच्या गाठीत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू), 10 किलोला 250 ग्रॅम, आणि सावलीतच सुकवा. ओल आहे तोवर टोकून घ्या, म्हणजे न नांगरता भोक पाडून बी टाका. एकरी डीएपी खताची 50 किलोची एक बॅग बियाण्याखाली पडू द्या, त्यात 9 किलो नत्र येतो, हरभऱ्याला बास. वरून युरिया टाकला तर गाठींचं काम मंदावतं. महिन्याभराने एक झाड मुळासकट खणून गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी-लाल निघाली तर नत्र बसतोय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

हरभऱ्याऐवजी गहू घेणार असाल तर हिशोब वेगळा. रानात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा मक्याचं काड असेल तर त्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र कमी, ते कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. पहिली काही वर्षं हे चालतं, म्हणून लगेच नत्राचा डोस कापायला जाऊ नका. युरिया काडावर फेकला तर अमोनिया होऊन उडतो, तो मातीत गाडा नाहीतर लगेच पाणी द्या.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंची भाताची एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) पद्धत याच पायावर आहे, गादीवाफे, चिखलणी नाही, मुळं आत. पण तिथेही तणनाशक लागतंच, नांगर नाही म्हणजे औषध नाही असं समजू नका. हरळी, कुंदा, लव्हाळा माजलेल्या रानात तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, आणि खाली कडक थर असेल तर एकदा सबसॉयलर (खोल थर फोडणारं अवजार) मारून मगच नांगर बंद करा.

माती परीक्षणाला नमुना देताना वरचा 5 सेंमीचा थर आणि त्याखालचा वेगळा द्या, कारण न नांगरलेल्या रानात कर्ब आणि स्फुरद (फॉस्फरस) वरच साठतं, दोन्ही एकत्र मिसळलं तर काहीच कळणार नाही.