कोकणात किनाऱ्यावर घर करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचं गावचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये शे-दीडशे फोटो सेव्ह केलेले होते, पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, समुद्राकडे आख्खी काच आणि वर सपाट गच्ची. त्यातला एकही फोटो जुलैतला नव्हता, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. निवांत, जुन्या वळणाचं किनाऱ्यावरचं घर हवं होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्यातरी कोरड्या किनाऱ्यावरचं उचलून आणलं आणि पहिल्याच पावसाळ्यात सगळी हौस फिटली.

छप्पर

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच म्हणून आधी हीच सांगतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वरच पाऊस पडतो, म्हणजे तेवढं पाणी गच्चीवर साठवलं तर जवळजवळ दहा फूट उभं राहील. आणि आम्ही काय केलं, तर सपाट स्लॅब. देवघराच्या वरच पहिला ओलीचा डाग आला, मग वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं, पुढच्या वर्षी परत मारलं, तिसऱ्या वर्षी गुपचूप लोखंडी सांगाडा उभारून वर पत्र्याची शेड टाकली. कोकणात स्लॅबच्या डोक्यावर आज ना उद्या शेड चढतेच हो, कुठल्याही गावातून चक्कर मारून बघा. मग आधीच उतरतं छप्पर का नको?

तुमचा स्लॅब पडून गेला असेल तर केमिकलवर पैसे घालवत बसू नका, सरळ वर उतार घ्या. लोखंडी ट्रसवर, म्हणजे उतरत्या सांगाड्यावर, कौलं बसवता येतात, खालून पत्र्यापेक्षा गार पण राहतं. गंमत म्हणजे आपण ज्याला अस्सल कोकणी समजतो ते मंगलोरी कौल काही फार जुनं नाही, बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी मंगळुरात 1865 मध्ये कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याने वर पसरली. त्याआधी नळीची कौलं, नाहीतर पेंढा.

दुसरं म्हणजे वळचण. आमच्या प्लॅनमध्ये वळचण होती एक फूट, कारण फोटोत तशी छान दिसते. गवंडीकाका म्हणालेले, "ओ, एवढीशीच ठेवलीत तर पागोळ्या भिंतीवरच उतरतील की." ऐकलं नाही. तीन फूट तरी बाहेर काढा, त्याहून जास्त हवं तर खाली खांब देऊन पडवीच करा. जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी असायची ती काय शोभेला नव्हती, झड भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून होती. पावसाळ्यात तिला वरून झावळ्यांची झापं पण बांधायचे. अर्थात मोठी वळचण म्हणजे वादळात वाऱ्याला आयताच हात घालायला जागा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडापासून श्रीवर्धनपर्यंत कौलं, पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. त्यामुळे कडेच्या दोन-तीन ओळी कौलं तारेने बांधून घ्या आणि पत्रा असेल तर हुक मोजताना कंजुषी करू नका.

खारं वारं सगळं खातं

दिवसा समुद्रावरून खारे वारे, रात्री जमिनीवरून मतलई, शाळेत पाठ केलेलं ते इथे बिजागरीवर दिसतं. आम्ही समुद्राकडच्या गॅलरीला स्टीलचं रेलिंग लावलं, दुकानदार म्हणाला स्टेनलेस आहे, गंजणार नाही. सहा महिन्यांत चहा सांडल्यासारखे डाग. नंतर कळलं की ते 304 ग्रेड होतं. किनाऱ्यावर 316 मागायचं असतं, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो म्हणून मिठाला जरा जास्त टिकतं. महाग आहे, आणि ते पण अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. त्यापेक्षा लाकडी गजांचं रेलिंग करा आणि बिजागऱ्या, कड्या, स्क्रू पितळेचे घ्या. पितळ काळवंडतं पण झिजून हातात येत नाही, आणि काळवंडलेलं पितळ जुन्या घराला उलट शोभतं. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूला कधीच नको, मागच्या भिंतीला लावा.

भिंतीच्या आतलं लोखंड दिसत नाही म्हणून विसरलं जातं. आयएस 456 हे काँक्रीटचं मानक किनारपट्टीला 'सिव्हिअर' (तीव्र) वर्गात धरतं, म्हणजे निदान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि गजावर 45 मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे गजाबाहेरचा काँक्रीटचा थर. आपल्याकडे गावात वीस-पंचवीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक टाकून मोकळे होतात, त्यात वाळू खाडीची, न धुतलेली, आणि पाणी किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचं. असं झालं असेल तर काही वर्षांत बीमला गजाच्या रेषेत सरळ चीर पडते. त्यावर नुसतं प्लास्टर मारलं तर आत गंज चालूच राहतो, ढलपा फोडून गज साफ करून, त्याला गंजरोधक कोटिंग देऊन पॉलिमर मॉर्टरने भरून घ्या, आणि अशा भेगा बऱ्याच ठिकाणी असतील तर आधी इंजिनिअर बोलवा.

चिऱ्याला गुदमरवू नका

जांभ्याचा चिरा, म्हणजे तांबड्या दगडाचा ठोकळा, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. तो पाणी पितो आणि परत सोडतो. आम्ही त्याच्यावर सिमेंट प्लास्टर आणि वर चकचकीत ऑइलपेंट मारला, आत ओढलेली ओल बाहेर पडेना, मग रंगाचे फुगे आणि भिंतीला पांढरी खार. उपाय साधा आहे, पेंट खरवडायचा, खार कोरड्या ब्रशने झाडायची, एक उन्हाळा भिंत तशीच सुकू द्यायची आणि मग चुना. नाहीतर बाहेरून चिरा उघडाच ठेवा, फक्त चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) नीट भरा. रत्नागिरीचा थिबा पॅलेस 1910 चा आहे, जांभ्याच्या भिंती आणि उतरती छपरं, एकदा सावकाश बघून या.

आत काय नको

नांगर, जहाजाचं चाक, दोरखंडाचे आरसे आणि निळे-पांढरे पट्टे. कोळीवाड्यातल्या कुठल्याही घरात असलं काही टांगलेलं नसतं, हे रिसॉर्टवाल्यांचं खूळ. आपल्याकडे रंग आहेत ना, चुन्याचा पांढरा आणि गेरूचा तांबडा, गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांवर कावीकाम असतं त्यातले हेच दोन. जमिनीला लाल कोबा, बसायला झोपाळा, एक आरामखुर्ची, फारतर सावंतवाडीचं लाखकामाचं एखादं तबक. गुळगुळीत टाइल्स अजिबात नको, ओल्या पायांनी आणि वाळूने माणूस सरळ माजघरात घसरत जातो (आमचे मामा असेच घसरत गेले). पायरीपाशीच एक नळ काढा.

आणि ती पश्चिमेची आख्खी काच. दुपारी भट्टी, पावसात झड थेट तिच्यावर, फटीतून पाणी आत. शेवटी बाहेर पडवी काढली तेव्हा कुठे ती खोली वापरात आली. छोट्या खिडक्या, समोरासमोर, वर झरोके, एवढं केलं तर वारा आपोआप फिरतो.

अंगण

लॉन नको. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना गवताला पाणी द्यायचं हा वेडेपणा आहे, आणि समुद्राजवळच्या विहिरीतून जास्त उपसा केला की पाणी खारट व्हायला लागतं ते वेगळंच. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने बंद पण नको, पाणी मुरायला जागा ठेवा. कंपाउंडला काँक्रीटच्या भिंतीऐवजी चिऱ्याचा गडगा, खाली पाणी जायला भोकं ठेवून. माड कौलांपासून लांब, झावळी पडली तरी चार-पाच कौलं जातात, नारळाचं तर बोलूच नका. समुद्राकडून उंडी किंवा सुरू लावली तर वारा अडतो, त्याच्या आडोशाला मग अबोली, अनंत, सोनचाफा काय हवं ते.

हे सगळं करायच्या आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी नियम, बघा बरं का. गावांमध्ये भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवीन बांधकाम सहसा चालत नाही, 2019 च्या नियमात दाट वस्तीच्या गावांसाठी ते 50 मीटर केलंय, पण तुमचा सर्व्हे नंबर नक्की कशात येतो ते नकाशावर बघूनच जागेचा टोकन द्या.

राहिली बुरशी. मुंबईकरांचं घर जून ते सप्टेंबर बंद असतं आणि गणपतीला दार उघडलं की वास येतो तो तोच. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, प्लायवूड घ्यायचंच असेल तर आयएस 710 शिक्का असलेलं मरीन ग्रेडच, गाद्या उभ्या करून ठेवा, आणि झरोके बंद करून जाऊ नका, जाळी लावा पण उघडे ठेवा. आम्ही शेजारच्या काकींकडे किल्ली देऊन ठेवलीय, पावसाने उघडीप दिली की त्या तासभर दारंखिडक्या उघडतात आणि चुलीत जरा धूर करतात, बदल्यात आम्ही मुंबईहून त्यांना काय हवं ते आणतो, यंदा मिक्सरचं भांडं सांगितलंय.