६१७४ पर्यंत कसं पोहोचायचं आणि ती चुकत का नाही हे कसं तपासायचं

देवळालीच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना १९४९ साली ६१७४ चा एक गुण सापडला: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ च येते. बहुतेक जण गंमत करून बघतात आणि तिथेच थांबतात. खरं तर खरी मजा त्याच्या पुढे आहे, आणि तिला शाळेतलं गणित पुरतं.

१. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, नाहीतर पहिल्याच वजाबाकीत शून्य उरेल. आपण कापरेकरांचं जन्मसाल घेऊ: १९०५.

२. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा हेच करा.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे ६१७४ च येत राहणार. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. १९०५ ला पुरत्या सात लागल्या.

३. शून्य सोडू नका. १००० घेतलं तर १००० − ०००१ = ०९९९. इथे मुलं ९९९ लिहितात आणि गाडी अडते. ९९९० − ०९९९ = ८९९१ असं पुढे जायचं. हातचा चुकला का हे पाहायला उत्तरातल्या अंकांची बेरीज करा. तिला ९ ने भाग गेलाच पाहिजे.

४. आता कारण शोधू. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ माना. उलट लिहिताना क आणि घ सहस्र-एकक स्थानांची अदलाबदल करतात, ख आणि ग शतक-दशकाची. म्हणून वजाबाकी नेहमी अशी येते:

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

पहिला फरक १ ते ९ पैकी काहीतरी असतो आणि दुसरा त्याहून मोठा होऊ शकत नाही. पहिला १ असेल तर दुसरा ० किंवा १, म्हणजे दोन पर्याय. पहिला २ असेल तर तीन. असं करत ९ ला दहा. २ + ३ + … + १० = ५४. म्हणजे १००० ते ९९९९ मधल्या ८९९१ चालणाऱ्या संख्या एका वजाबाकीत अवघ्या ५४ उत्तरांवर येतात! ही ५४ उत्तरं वहीत एकेक करून तपासली की सिद्धता पूर्ण. संगणक लागत नाही. मुलांना हे करायला जरूर द्यावं.

६१७४ स्वतः का हलत नाही? तिच्यात ७ − १ = ६ आणि ६ − ४ = २; ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४.

५. जाता जाता तिच्या अंकांची बेरीज करा: १८. आता १८ + १८² + १८³ करून पाहा. १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. अंकांच्या बेरजेने ६१७४ ला भागलं तर ३४३ येतात, म्हणजे ७ चा घन. अशा, आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद संख्या’ हे नाव कापरेकरांनीच दिलं.

६. तीन अंकांवर हीच रीत वापरलीत तर ४९५ मिळेल. तिथे वजाबाकी ९९ × (मोठा − लहान) असते, त्यामुळे तपासायला फक्त नऊच उत्तरं. पाच अंकांना मात्र असा मुक्काम नाही: ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि तिच्यावरून पुन्हा ५३९५५.