शेजारच्या अक्कांना इंटरनेट शिकवायचंय? आधी फोन कुणाच्या खिशात असतो ते बघा

आमच्या सोलापुरात, विड्या वळणाऱ्या तेलुगू अक्कांच्या पूर्व भागात, घरटी एक फोन आहेच. त्यामुळे बायकाही नेट वापरत असणार, असं बाहेरून आलेल्याला वाटतं. दारात विचारलं तर घरधनी सांगतो, "आहे की, सगळे बघतात." तेवढ्यावर वही मिटू नका. अक्कांना वेगळं गाठा. आणि "नेट वापरता का?" असं विचारूच नका, लाजून "नाही बाई" म्हणतील. विचारायचं ते असं: फोन दिवसा कुठं असतो, सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण मारतं, लॉक कुणाला उघडता येतं? "पोरगा कामावर घेऊन जातो" एवढं ऐकलं की निम्मं कळलं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना हे थेट विचारलं होतं. महाराष्ट्रात ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं, पुरुषांचा आकडा साडेएकसष्ट. देशभरात ३३ आणि ५७. यात 'कधी ना कधी' महत्त्वाचं. भाच्याच्या फोनवर एकदा व्हिडिओ कॉल केलेली बाईही त्यात आली. जगात पाहिलं तर ही दरी दक्षिण आशियात आणि सहाराच्या खालच्या आफ्रिकेत सर्वांत मोठी, आणि कारणं तिथंही हीच येतात: हँडसेट परवडत नाही, वाचता-चालवता येत नाही. आमच्या गल्लीत मी तिसरं कारण जोडेन. हात रिकामे नसतात.

म्हणून वेळ त्यांची धरा. सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या असतात, तेव्हा जाऊ नका. नळाला पाणी यायच्या दिवशीही नको. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यापुढं तुमचा वर्ग कोण बघतो! दुपारी दोन-चार जणी एका ओसरीवर वळायला बसतात, तेव्हा बसा. मांडीवर सूप, बोटांना तंबाखू. अशा हातांनी स्क्रीन चालत नाही आणि चालवायचीही नाही.

पहिला धडा व्हॉट्सअॅपवरच्या आवाजाचा. माइकचं चिन्ह दाबून वर सरकवायचं, कुलूप दिसलं की बोट सोडायचं. रेकॉर्डिंग चालू राहतं, अक्का विडी वळत माहेरी बोलतात, झालं की एकदाच बोट पुसून पाठवायचं. हे एक जमलं की पुढच्या वेळी त्याच तुम्हाला हाक मारतात.

बोलून टाइप करायला मात्र घाई नको. घरात बोलतात तेलुगू, वाचता येतं ते थोडंफार मराठी. तेलुगूत बोलल्यावर अक्षरं तेलुगू उमटतात आणि ती त्यांनाच वाचता येत नाहीत. त्यापेक्षा यूट्यूबचा माइक बरा: बोलायचं, चित्र बघून निवडायचं.

पैशाचे अॅप सर्वांत शेवटी. तेव्हाही एकच गोष्ट पक्की करून घ्या: पैसे यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन.

त्याआधी नंबर तपासा, खरी गाठ इथंच आहे. आधारला आणि पीएफला बहुतेकींचा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, कधी बंद पडलेला. मग लाडक्या बहिणीचं ई-केवायसी असो की पीएफ, ओटीपी भलत्याच खिशात वाजतो. ठशावर भिस्त ठेवावी तर विड्या वळून बोटं गुळगुळीत झालेली. पीएफचा नंबर तपासायला नेटही लागत नाही: अक्कांच्या फोनवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या. शिलकीचा मेसेज आला तर बरं. नाही आला तर आधी नोंदवलेला नंबर कुठला ते शोधा. आधारचा नंबर केंद्रावर बदलून मिळतो, त्याला वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. अक्कांच्या नावाचं सिम मात्र आधी घ्या.

घरच्यांशी वाद घालू नका. "बाईला फोन कशाला?" म्हणणारा सासरा पीएफची शिल्लक ऐकल्यावर नरमतो, हे मी बघितलंय. हक्कावर भाषण दिलं असतं तर दार लागलं असतं.

फोन काढून घेतला जातो तो बहुतेकदा अनोळखी माणसाच्या 'हाय'मुळे. बाईची चूक नसते, पण शिक्षा तिलाच. म्हणून पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत जाऊन फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, अनोळखी कॉल गप्प करण्याचं बटण चालू करा, ग्रुपात कोण घेऊ शकतं तेही ओळखीच्यांपुरतंच ठेवा. ब्लॉक कसं करायचं ते अक्कांच्या हातानं दोनदा करून घ्या, पहिल्यांदा तुमच्याच नंबरवर.