तेरा टाकसाळी, एक लांडगी: रोमन नाण्यांचा छोटा संग्रह कसा उभारावा

रोमन नाणी जमवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं, 'प्रत्येक सम्राटाचं एक'. ऐकायला छान वाटतं, पण हा नाद खिशाला परवडत नाही. दिदियस ज्युलियानस 193 साली जेमतेम दोन महिने गादीवर होता, आणि अशा अल्पजीवी सम्राटांची नाणी साहजिकच कमी आणि महाग. चार-पाच वर्षांनी हाती उरतात पंचवीस-तीस नाणी, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, आणि एक न संपणारी यादी. त्यापेक्षा आधी विषयाला कुंपण घाला, मग खरेदीला लागा.

कुंपण ठरवा

विषय असा हवा की तो एका वाक्यात सांगता येईल, त्याला शेवट असेल आणि त्यातली नाणी बाजारात खरोखर मिळत असतील. एखाद्या सम्राटाचं एकच वर्ष, एकच टाकसाळ किंवा एकच देवता, काहीही चालेल. मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण नवशिक्यासाठी यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही: 'उर्ब्स रोमा' हे छोटं कांस्य नाणं, प्रत्येक टाकसाळीचं एक.

सम्राट कॉन्स्टंटाइनने 11 मे 330 रोजी आपल्या नव्या राजधानीचं, कॉन्स्टँटिनोपलचं, लोकार्पण केलं. त्या सुमाराला दोन जोड-नाणी निघाली. एक नव्या नगरीच्या नावाचं, दुसरं जुन्या रोमचा मान राखणारं. या दुसऱ्यावर सम्राटाचा चेहरा नाही. छाप्याच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी, ही अक्षरं. काट्याच्या बाजूला दंतकथेनुसार रोम वसवणाऱ्या रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी, मान मागे वळवून पोरांकडे बघणारी, आणि तिच्या पाठीच्या वरच्या बाजूला दोन तारे. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या सम्राटाने ही जुनी दंतकथा साम्राज्यभर वाटली, याची गंमत वाटते.

हे नाणं तेरा टाकसाळींत पडलं: ट्रियर, लियों, आर्ल, रोम, अक्विलेया, सिसिया, थेस्सलोनिकी, हेराक्लिया, कॉन्स्टँटिनोपल, निकोमेडिया, सिझिकस, अँटिओक आणि अलेक्झांड्रिया. आजच्या नकाशावर बघितलं तर जर्मनीपासून इजिप्तपर्यंत. यांतल्या पाच जागा आता एकट्या तुर्कस्तानात आहेत. तेरा नाणी म्हणजे संग्रह पूर्ण. शिवाय हे नाणं भरपूर पडलं आणि भरपूर सापडतं, त्यामुळे बरं दिसणारं, नीट ओळखलेलं नाणं बरेचदा 50 युरोंच्या आत मिळतं.

खरेदीच्या आधी वाचायला शिका

पहिला महिना एक पैसाही खर्च करू नका. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने चालवलेली 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' ही सूची इंटरनेटवर फुकट आहे. 'रोमन इम्पिरियल कॉइनेज' या बहुखंडी ग्रंथाचे क्रमांकच तिथे वापरलेले आहेत. आपल्या नाण्यांचा बराच भाग त्याच्या सातव्या खंडात येतो, म्हणजे 313 ते 337 या काळात. सूचीत टाकसाळ निवडा, फोटो बघत बसा. पन्नासेक लांडग्या नजरेखालून गेल्या की डोळा आपोआप तयार होतो.

बघायचं मुख्यतः लांडगीच्या पायाखाली. तिथे एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली काही अक्षरं. हीच टाकसाळीची खूण. 'टी-आर' म्हणजे ट्रियर, 'एल-जी' म्हणजे लियों, 'एस-आय-एस' म्हणजे सिसिया, 'एस-एम-के' सिझिकस, 'एस-एम-ए-एन' अँटिओक. त्यांच्या पुढेमागे आणखी एखादं अक्षर असतं. ते टाकसाळीतल्या कोणत्या कारखान्यात नाणं पडलं ते सांगतं. पश्चिमेकडे बहुधा लॅटिन क्रमवाचकांची आद्याक्षरं, म्हणजे 'पी' पहिला, 'एस' दुसरा. पूर्वेकडे ग्रीक अक्षरं आकडे म्हणून, अल्फा एक, बीटा दोन.

इथे एक सापळा आहे आणि त्यात विक्रेतेही पडतात. 328 साली आर्ल शहराचं नाव बदलून कॉन्स्टंटिना ठेवलं गेलं. त्यामुळे आर्लच्या नाण्यांवर 'सी-ओ-एन-एस-टी' अशी अक्षरं येतात आणि अनेक जण ती कॉन्स्टँटिनोपलची म्हणून विकतात. फरक साधा आहे. आर्लमध्ये कारखान्याचं अक्षर आधी येतं आणि शेवटी 'टी' असतो: 'पी-सी-ओ-एन-एस-टी'. कॉन्स्टँटिनोपलमध्ये 'सी-ओ-एन-एस' वर थांबून कारखान्याचं ग्रीक अक्षर मागे लागतं. एवढं समजलं तरी चुकीच्या नावाखाली पडलेलं नाणं तुम्ही ओळखाल, आणि एकच टाकसाळ दोनदा विकत घेणार नाही.

म्हणून या संग्रहाचा नियम: रोमाचा चेहरा थोडा झिजलेला चालेल, तळाची अक्षरं वाचता आलीच पाहिजेत. ठसा तिरका बसल्यामुळे तळाची पट्टी नाण्याबाहेर गेलेली असेल, तर नाणं कितीही देखणं असो, आपल्या कामाचं नाही.

अस्सल की नक्कल

इतक्या स्वस्त नाण्यांची नक्कल करण्यात फारसा फायदा नाही, तरी नकला असतात. प्राचीन नाणं हातोड्याने पाडलेलं असतं. प्रत्येक चकती वेगळी, प्रत्येक घाव वेगळा. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणी सापडली तरी त्यांच्या कडा, तडे आणि ठशाचा कल तंतोतंत जुळत नाहीत. विक्रेत्याच्या जुन्या यादीत तोच तडा त्याच जागी असलेलं दुसरं नाणं दिसलं, तर ती साच्यात ओतलेली नक्कल समजा. भिंगाखाली कडेवर कानशीने घासलेली शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तरी तेच.

दुसऱ्या एका प्रकाराला मात्र खोटं म्हणू नका. 340 च्या दशकात गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये सुट्ट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा लोकांनी स्वतःच नाणी पाडली. त्यांतली लांडगी कधी कुत्र्यासारखी, कधी ओळखूच येत नाही अशी, आणि अक्षरं नुसती काड्यांची. ही त्या काळचीच आहेत. एखादं चौदावं नाणं म्हणून जरूर ठेवा.

कुठून घ्यावं

मुदतीचं बंधन न घालता अस्सलपणाची लेखी हमी देणारा आणि नाणं कोणत्या जुन्या संग्रहातून आलं ते सांगणारा विक्रेता निवडा, भले चार पैसे जास्त पडोत. मातीने माखलेल्या 'न धुतलेल्या' नाण्यांचे किलोवारी गठ्ठे विकायला येतात, ते घेऊ नका. त्यांतली कितीतरी चोरून उकरलेल्या जागांवरून येतात, आणि तुमच्या तेरापैकी एकही त्यात मिळेल याची खात्री नसते.

परदेशात राहत असाल तर तिथले नियम बघा. इटली, तुर्कस्तान या देशांत निर्यातीचे नियम कडक आहेत. भारतात मागवायचं असेल तर ऑर्डर देण्याआधी कुरिअरवाल्याकडून किंवा कस्टम एजंटकडून सीमाशुल्काचं नीट समजून घ्या. भारतातल्या विक्रेत्याकडून घेत असाल तर पुरावस्तू विकण्याचा परवाना आहे का ते विचारा, आणि पक्की पावती घ्या.

'शेतात सापडलं' म्हणून कुणी रोमन नाणं दाखवलं तर हात लावू नका. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, 1878 पासून तसा कायदा आहे. आणि अशी नाणी आपल्याकडे खरंच निघतात: चौथ्या शतकातली छोटी रोमन कांस्य नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली आहेत. आपल्या मराठवाड्यातल्या तेर गावी रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या. कुठे सापडलं ही माहिती गेली की अशा नाण्याचं अर्धं मोल गेलं.

नोंद

नाणं हाती आलं की त्याच दिवशी वहीत उतरवा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढं पुरे. 330 ते 335 मधलं नाणं साधारण अडीच ग्रॅमचं, नंतरची हलकी आणि जरा छोटी. त्यामुळे वजनावरून काळाचाही अंदाज येतो. मग तळाची अक्षरं जशीच्या तशी, ताऱ्यांच्या मध्ये काही ठिपका किंवा हार आहे का, सूचीतला क्रमांक, किंमत, विक्रेता, तारीख. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो, आणि आधीच्या संग्राहकाची जुनी चिठ्ठी आली असेल तर ती फेकू नका, नाण्याबरोबरच ठेवा.

जपणूक

चिंच, लिंबू, पितांबरी, यांतलं काहीही नाण्याला लावायचं नाही. सतराशे वर्षांत चढलेला हिरवा-तपकिरी थर हाच नाण्याचा चेहरा आहे, तो घासला की खाली खडबडीत लाल धातू उरतो.

खरी भीती दमट हवेची, म्हणजे मुंबई-कोकणातल्यांनी पावसाळ्यात जास्त सावध राहावं. नाण्यावर फिकट हिरवी, खरवडली की पूड होणारी बुरशीसारखी जागा दिसली तर तो कांस्याचा रोग. आतले क्लोराइड दमटपणात धातू पोखरत असतात. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, लाकडी काडीने पूड काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून पाणी बदलत राहा, मग पूर्ण कोरडं करा आणि काही महिने लक्ष ठेवा. एरवी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा. नाणं धरताना कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या.

बदली आणि विक्री

आधी ट्रियर, लियों अशा सहज मिळणाऱ्या टाकसाळी घ्या, हात बसू द्या, मग बाकीच्यांसाठी थांबा. पुढे एखाद्या टाकसाळीचं अधिक चांगलं नाणं मिळालं तर ते घ्या, पण जुनं काढून टाका. एकाच टाकसाळीची दोन-दोन जमत गेली की कुंपण मोडलं. काढलेलं नाणं विकताना भारतातल्या संग्राहकांनी एक लक्षात ठेवायचं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणं मुळात लंडनहून मागवलेलं असलं तरी परत लंडनच्या लिलावात धाडता येईल असं गृहीत धरू नका. गिऱ्हाईक इथेच शोधावं लागेल, त्यामुळे विकत घेतानाच किंमत त्या हिशोबाने द्या.